रिकामा किनारा रिकामा का आहे, हे आधी विचारा

३१ वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. त्यातली निम्म्याहून जास्त वस्तीच्या गाड्यांवर गेली. वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन गावात पोचायचं, देवळापाशी नाहीतर बंदरावर गाडी लावायची, कोणाच्या तरी पडवीत जेवायचं, गाडीतच आडवं व्हायचं आणि पहाटे साडेपाचला पहिली फेरी घेऊन निघायचं. आमच्या दापोली-मंडणगडकडे अशी बरीचशी गावं समुद्राला टेकलेली. केळशी, आंजर्ले, हर्णै, वेळास, दाभोळ. लोक पैसे मोजून जिथे दोन रात्री राहतात, तिथे मी पगार घेऊन, डास मारत झोपलेलो आहे.

त्यामुळे डिसेंबर उजाडला की पुण्याहून पुतण्याचा फोन ठरलेला. "काका, गर्दी नसलेला एखादा बीच सांगा ना."

गर्दी नसलेला किनारा सांगणं अवघड नाही. आपल्या राज्याला जुन्या मोजणीप्रमाणे ७२० किलोमीटरची किनारपट्टी आहे आणि गर्दी असते ती मोजक्या पुळणींवर. (वाळूच्या किनाऱ्याला आमच्याकडे पुळण म्हणतात. बीच हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो पॅसेंजरकडून, तिकीट मागताना.) बाकीचा किनारा रिकामाच असतो. पण तो रिकामा का आहे हे कळल्याशिवाय तिथे पोरंबाळं घेऊन जाऊ नये. कुठे रस्ता धड नाही म्हणून माणूस जात नाही, कुठे मे महिन्यात विहीर आटते म्हणून, कुठे पाण्याला ओढ आहे म्हणून, आणि कुठे बंदर मेलं म्हणून. पहिल्या दोन्हींवर उपाय आहे. तिसऱ्यावर नाही. चौथं कारण असेल तर मात्र मुद्दाम जा. त्याचं पुढे सांगतो.

आधी तिथी, मग खोली

खोलीचे फोटो नंतर बघा. आधी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर बघा. जायच्या दिवशी तिथी कोणती? तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि पहाटे तीनच्या सुमाराला दुसरी. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पुरती ओहोटी, तिला आम्ही सुकती म्हणतो. भरतीची वेळ रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून पाऊणपट. हा दर्यावर्दी माणसाचा हिशोब आहे, रेल्वेचं वेळापत्रक नव्हे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती थोडी आधीच येते. मोबाइलवर मिनिटासकट वेळ मिळते हे मला माहीत आहे. पण आमच्याकडे कित्येक पुळणींवर उतरलं की मोबाइलची रेंज जाते. तिथी जात नाही.

दुसरं, उधाण की भांग ते बघा. पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढचे दोन दिवस उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी धड चढत नाही नि धड उतरत नाही. मुंबईला मोठ्या उधाणात पाण्याची चढउतार पाच मीटरच्या घरात जाते. जसजसं दक्षिणेला जाल तसा हा फरक कमी होतो, गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास येतो. याचा तुमच्या सहलीशी थेट संबंध आहे. अलिबागला सुकतीत कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं, पण त्याच वेळी समुद्र बघायला आलेल्या माणसाला समोर नुसता चिखल आणि ओली वाळू दिसते. तारकर्लीला पाणी इतकं लांब पळत नाही. आई-वडील खुर्ची टाकून बसणार असतील तर सिंधुदुर्ग बरा. पोरांना शिंपले वेचायचे असतील, खडकातल्या डबक्यातले खेकडे बघायचे असतील, तर रायगड-रत्नागिरीत उधाणाची सुकती गाठा.

पुतण्याला हे सगळं मी तोंडपाठ होईपर्यंत सांगितलं होतं. तरी तो आणि त्याचे मित्र पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला सकाळी अकराच्या सुमाराला पोचले, ओल्या वाळूचा पट्टा डांबरी रस्त्यासारखा कडक बघून गाडी थेट पुळणीवर घातली आणि जेवायला खानावळीत गेले. दोनाची पाऊणपट दीड. सव्वाच्या सुमाराला वाडीतला एक पोरगा धावत सांगायला आला की पांढरी गाडी कोणाची, तिच्या दारापर्यंत पाणी आलंय. चाकाखालची वाळू लाट खाते, गाडी जोर करेल तितकी खाली जाते. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली. ट्रॅक्टरवाल्याने दोन हजार घेतले आणि वर विचारलं, "आज तिथी कोणती?" एकालाही सांगता आलं नाही. खाऱ्या पाण्याचा गंज पुढे वर्षभर पुरला. पुळणीवर गाडी नेणं हा तसाही गुन्हा समजा. कासवाची घरटी तिथेच असतात आणि लहान पोरंही तिथेच खेळत असतात.

पाण्यात उतरायचं का?

याचं उत्तर गावच्या पोरांकडे असतं. शाळा सुटल्यावर गावची पोरं जिथे डुंबतात तिथे डुंबा. गाव समुद्राला लागून असूनही पोरं पाण्यात जात नसतील, तर त्या गावाला काहीतरी माहीत आहे आणि ते माहीत होण्यासाठी गावाने किंमत मोजलेली आहे.

पोरं दिसली नाहीत तर वाळू बघा. पुळण सपाट, लांबलचक, वाळू बारीक असेल तर लाट लांबवर फुटते आणि थकून तुमच्या पायाशी येते. वाळू जाडी आणि किनारा उतरता असेल तर लाट अगदी काठावर आदळते. तिथे चार पावलांत पाणी गळ्याशी येतं. मग उंचावर उभं राहून दहा मिनिटं पाणी बघा. दहा म्हणजे दहा. पांढऱ्या फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत एखादी जागा अशी दिसेल की तिथे लाट फुटतच नाही, पाणी गडद आणि शांत वाटतं. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ती शांतता नाही, ती ओढ आहे. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्या वाटेने आत परत जातं आणि माणसाला घेऊन जातं. सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून हात मारू नका, दमाल. अंग सैल सोडा, हात वर करून ओरडा, आणि किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा. ओढ रुंदीला फार नसते. पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या वर पाणी नको. पट्टीचा पोहणाराही विहिरीत शिकलेला असेल तर समुद्रात नवखाच.

गणपतीपुळ्याचं वेगळं सांगतो, कारण तिथे सगळे जातातच. देऊळ थेट पुळणीवर, दर्शन झालं की पावलं आपोआप पाण्याकडे वळतात. तिथल्या पाण्याला ओढ आहे, बुडाल्याच्या बातम्या दरसाल येतात, फलक लावलेले आहेत. स्वयंभू गणपतीचं दर्शन घ्या, डोंगराची प्रदक्षिणा घाला, मोदक खा. अंघोळ घरी करा.

खाडीच्या तोंडाशी कुठेच उतरू नका. केळशी, आंजर्ले, देवबाग, सगळीकडे तोंडाशी दृश्य फार सुंदर असतं, एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र. पण सुकती लागली की अख्ख्या खाडीचं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडत असतं. होडीवालेही तिथे गप्पा बंद करतात.

जून ते ऑगस्ट पाण्यात पायही नको. बघायला या, त्याच्यासारखं दृश्य नाही. बघा आणि गरम भजी खा.

गाजलेल्या गावात गर्दी कशी टाळायची

मुरुड (दापोलीजवळचं), कर्दे, काशीद, अलिबाग, तारकर्ली यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ती गाजली कारण पुळण चांगली आहे, रस्ता आहे, जेवण मिळतं. रात्री पोराला ताप आला तर डॉक्टर सापडतो. लहान मूल सोबत असेल तर मी पुतण्यालाही अशाच गावात जायला सांगतो. फक्त वार आणि वेळ बदला. नाताळ ते १ जानेवारी, सलग सुट्ट्या, मेचा दुसरा-तिसरा आठवडा, हे सोडून द्या. अंगारकीला गणपतीपुळे सोडून द्या. जानेवारी अर्धा सरला की फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ आमच्याकडे सगळ्यात सुखाचा. सकाळी गारवा, आंब्याला मोहोर, खोल्या रिकाम्या.

आणि कितीही गर्दीचं गाव असो, पहाटे सहाला पुळण तुमचीच असते. आमचे एक ड्रायव्हर होते, सांगलीकडचे, समुद्र कधी न पाहिलेले. पहिल्याच वस्तीला रात्रभर जागे. म्हणाले, हा आवाज बंद कधी होतो? पुढे तेच मला पाच वाजता उठवून पुळणीवर न्यायचे. पांढुरके खेकडे बिळांतून वाळू उपसत असतात, छोट्या गोळ्यांची रांगोळी घातलेली असते, आणि वर काकण, म्हणजे तो पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड, घिरट्या घालत असतो. आठ वाजता पॅराशूटवाले आले की यातलं काही उरत नाही.

हर्णैचा मासळीचा लिलाव बघायचा तर दुपारी चारनंतर बंदरावर जा. समोर सुवर्णदुर्ग, खाली होड्या, आणि वाळूवर मासळीचे वाटे. टोपलीत पाय पडेल असे फिरू नका, आणि लिलाव चालू असताना "हा कोणता मासा?" असं कोळणीला विचारू नका, तिचं लक्ष पैशात असतं. लिलाव संपला की विचारा, नाव, गाव, आमटी कशी करायची, सगळं सांगेल. कल्ले लालभडक असतील तर मासा ताजा. साफ करून द्यायला, शिजवायला कोणी आहे का हे ठरवल्याशिवाय विकत घेऊ नका. खोलीवर नेलेल्या कच्च्या सुरमईचं काय करायचं हा प्रश्न मी अनेक पॅसेंजरच्या तोंडावर पाहिलेला आहे, शेवटी ती पिशवी माझ्याच गाडीत यायची.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटात आलेलं पापलेट बर्फातलं आहे किंवा लांबून आलेलं आहे, हे धरून चाला. तेव्हा सोड्यांची खिचडी, सुकटीची चटणी, काळ्या वाटाण्याची आमटी, अळूचं फदफदं मागा.

ओस पडलेली बंदरं

आता माझ्या आवडीचा भाग. तुम्हाला गर्दी नको असेल आणि पाण्यात डुंबण्याचा आग्रह नसेल, तर मेलेलं बंदर बघा.

माझं गाव दाभोळजवळचं. १९६७ च्या सुमाराला, मी सात वर्षांचा असताना, आईबरोबर बोटीने मुंबईला गेलो होतो. बोट म्हणजे मोठी आगबोट. ती धक्क्याला लागायची नाही, लांब उभी राहायची. पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं, मग खलाशी लहान पोरांना गाठोड्यासारखं वर उचलायचे. आई डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती. तिच्या पिढीच्या मनात १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडालेली रामदास बोट कायम होती. पावसाळ्यात बोटी बंद. बाकी आठ महिने मुंबईहून निघालेली बोट बंदरं घेत घेत गोव्याकडे जायची आणि त्या त्या बंदरावर हमाल, खानावळ, पेढी, चहाचं दुकान, सगळं तिच्या भोंग्यावर चालायचं. मग रस्ते झाले, पूल झाले, आमची एसटी गावागावात गेली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावली. बोटींचा भोंगा थांबला तसा बंदरांचा बाजार उठला. म्हणजे ज्या बंदराने मला मुंबई दाखवली, ते बंद पाडण्यात माझ्या खात्याचा हात आहे. त्याची पेन्शनही मी घेतो.

दाभोळ बघायचं असं. गुहागरकडून धोपाव्याला या आणि फेरीबोटीने खाडी ओलांडा. गाडीसकट नेतात. बोटीतून गाव जसं दिसतं तसं रस्त्याने कधी दिसत नाही. बहमनी आणि आदिलशाही काळात हे कोकणातलं मोठं बंदर होतं, इथून घोडे, कापड, मक्केचे यात्रेकरू जायचे-यायचे. ३० डिसेंबर १५०८ च्या सुमाराला पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय आल्मेदा आरमार घेऊन आला आणि त्याने गाव जाळलं. त्यातूनही ते उठलं. उतरल्यावर डावी-उजवीकडे न बघता आधी जुन्या मशिदीकडे जा. दगडी काम, एक मोठा घुमट, समोर खाडी, आणि बहुतेक वेळा तुमच्याशिवाय कोणी नाही. नमाजाच्या वेळा टाळून, विचारून आत जा. मग चंडिकादेवीला जा. देवी गुहेत आहे, वाकून, चाचपडत आत जायचं, समईच्या उजेडात दर्शन घ्यायचं. मोबाइलची बॅटरी लावू नका, डोळ्यांना दोन मिनिटं द्या, सगळं दिसतं.

परत धक्क्यावर येऊन पलीकडच्या काठाकडे बघा. मोठाल्या चिमण्या दिसतील. तो एन्रॉनचा वीज प्रकल्प. नाव दाभोळचं, प्रकल्प पलीकडे अंजनवेलला. त्याचं काम जोरात होतं तेव्हा गुहागरच्या गाड्यांत उभं राहायला जागा नसायची, खोल्यांची भाडी माणसं कुजबुजत सांगायची. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. पुढे दुसऱ्या कंपनीने चालवायला घेतला, पण ती धामधूम गेली ती गेली. म्हणून सांगतो, एकाच धक्क्यावर उभं राहून दोन वेळा उठलेला बाजार दिसतो, एक पाचशे वर्षांपूर्वीचा, एक माझ्या नोकरीतला.

रायगडात हेच बघायचं तर चौल-रेवदंडा. अलिबागहून अर्ध्या-पाऊण तासावर. प्राचीन ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना माहीत असलेलं बंदर आज नारळी-पोफळीच्या वाडीत हरवलेलं आहे. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट मराठ्यांनी १७४० मध्ये घेतला. आता गावचा रस्ताच कोटाच्या दरवाजातून जातो, आत माणसांच्या वाड्या आहेत, चर्चचा मनोरा झाडीतून वर आलेला आहे. तिथे फिरताना लक्षात ठेवा, तुम्ही किल्ल्यात नाही, कोणाच्या तरी परसात आहात. कवाडी बंद असेल तर हाक मारा, "आत येऊ का?" नाही कोणी म्हणत नाही. न विचारता पडलेला नारळ उचलणाऱ्याला मात्र आयुष्यभर लक्षात ठेवतात.

बाणकोटला वर किल्ला आहे. १७५५-५६ च्या सुमाराला इंग्रजांच्या ताब्यात गेला, त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. वरून खाडी, समुद्र आणि पलीकडचं हरिहरेश्वर एकदम दिसतं. दुपारी जाऊ नका, जांभा तापतो आणि सावली नाही.

केळशीला लोक महालक्ष्मीच्या देवळात जाऊन परत फिरतात. खाडीकडे जा, तिथे वाळूची टेकडी आहे, आता बरीच झिजलेली. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी तिथे खणून जुनी भांडी, राख शोधली आणि पूर्वी कधीतरी त्सुनामीसारखी लाट आली असावी असा अंदाज मांडला. मी त्या टेकडीच्या पायथ्याशी किती रात्री गाडी लावून झोपलो. हे वाचल्यावर पुढच्या वस्तीला झोप लागायला वेळ लागला.

सगळं ओस काळाने पडत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरपासून आमच्या केळशी-आंजर्ल्यापर्यंत दोन-तीन तासांत वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. त्यामुळे जुने फोटो बघून "गर्द वाडीतली खोली" घेऊ नका. सावली किती आहे, फोनवर स्पष्ट विचारा. आणि वाडी अजून उघडी दिसली तर मालकाला तोंडावर म्हणू नका की फोटोत वेगळं होतं. त्याला माहीत आहे.

वेळास

वेळासला हॉटेल नाही म्हणून पुतण्या आधी नाक मुरडायचा. नाना फडणवीसांचं हे गाव. मी तिथे पहिली वस्ती केली तेव्हा कासवाची अंडी वाटीत घालून विकायला यायची, कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री पुळणीवर येऊन शंभराच्या आसपास अंडी घालते, पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. आता फेब्रुवारी ते एप्रिल माणसं पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात आणि गावातल्या घरांतच राहतात, पडवीत गाद्या, घरचं जेवण.

जाण्याआधी फोन करून घरटी कधी फुटणार ते विचारा. सकाळी आणि संध्याकाळी, दोनच वेळा पिल्लं सोडतात, आणि एखाद्या दिवशी एकही पिल्लू नसतं. तेव्हा स्वयंसेवकांशी वाद घालू नका, कासव तिकीट फाडून येत नाही. दोरीच्या मागे उभे राहा, फ्लॅश बंद, पिल्लाला हात नाही, आणि पोराला खांद्यावर घ्या म्हणजे ते दोरीखालून पुढे सरकणार नाही.

फोनवर काय विचाराल

खोलीचं भाडं शेवटी विचारा. आधी विचारा, मेमध्ये पाणी विहिरीचं की टँकरचं. "समुद्र पाच मिनिटांवर" म्हणजे चालत की मोटारसायकलवर, आणि मध्ये पाखाडीच्या पायऱ्या किती. आईचे गुडघे दुखत असतील तर हा प्रश्न सगळ्यात मोठा. जेवण शाकाहारी की मासे मिळतील? मुरुड, आंजर्ले, केळशी, गुहागर इथे कित्येक घरांत फक्त शाकाहारीच मिळतं आणि ते फार चांगलं असतं. तिथे बांगड्याचा हट्ट धरू नका, बंदराजवळच्या खानावळीत जा. रात्रीचं जेवण किती माणसांचं ते सकाळीच सांगा. खानावळवाली मावशी तुमच्यासाठी नारळ खवून ठेवते आणि तुम्ही नऊला फोन करून सांगता की आम्ही बाहेर जेवलो. याने एका घराचे दरवाजे कायमचे बंद झालेले मला माहीत आहेत.

अगदी निर्जन पुळणीवर जाणार असाल तर प्यायचं पाणी, टोपी, बॅटरी, आणि परत आणायला एक रिकामी पिशवी. गावात कोणाला तरी सांगून खाली उतरा, "काका, आम्ही चाललोय, सातपर्यंत येतो." एवढ्याने तुमची राखण होते. पाण्यात चालताना पाय घासत चाला, वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, दडलेलं असेल तर ते आधीच सरकतं. झार, म्हणजे जेलीफिश, किनाऱ्यावर मेलेली दिसली तरी हात लावू नका. जाळ्यातून काढून टाकलेले समुद्रसाप तर मुळीच नको. आणि अनवाणी चालायचं तर खडकांजवळच्या वाळूत नको, बाटल्या फोडणाऱ्यांची आवडती जागा तीच.

जायचं कसं

दापोली-हर्णैसाठी रेल्वेने खेडला उतरा, गुहागरला चिपळूण, गणपतीपुळ्याला रत्नागिरी, तारकर्ली-मालवणला कुडाळ, शिरोडा-वेंगुर्ल्याला सावंतवाडी. पुढे एसटी. स्वतःची गाडी असेल तर किनाऱ्याकिनाऱ्याने खाली या. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, अशा चार फेरीबोटी वाटेत लागतात आणि घाटातले कितीतरी तास वाचतात. शेवटची फेरी किती वाजता, ते निघतानाच विचारून घ्या, नाहीतर समोर दिसणाऱ्या गावाला पोचायला शंभर किलोमीटरचा वळसा पडतो.

एकदा तरी वस्तीच्या गाडीने जा. संध्याकाळी गाव उतरतं, भाजीच्या पिशव्या, पत्रे, शाळेची पोरं. पहाटे त्याच गाडीने परत निघा. अंधारात मावश्या मासळीच्या टोपल्या घेऊन चढतात, वास येतो, सहन करा, गाडी मुळात त्यांच्यासाठी आहे. सुटे पैसे ठेवा किंवा मोबाइलने द्या, आता तेही चालतं. आणि चढण्याआधी चपला आपटून, पँटची दुमड उलटी करून वाळू बाहेर झाडा. नाहीतर ती सीटच्या फटीत जाते, ओली असते, आणि डेपोत गेल्यावर ती काढता काढता कंडक्टरचा चहा थंड होतो.